धुण्याची तार

वळसंगच्या शिवारात, गाव सोडून मैलभर आत, मुरमाड रानाच्या कडेला कोंडीबाची वस्ती होती. घर मातीचं, पुढं गोठा, मागं विहीर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता मुलगा रावजी सोलापुरात गिरणीत कामाला. चौघांत मिळून एक खोली, त्यात तो राहायचा. शनिवारी पाळी सुटली की सायकल हाणत वस्तीवर यायचा आणि सोमवारी तांबडं फुटायच्या आत परत निघायचा. घरात रोजची माणसं दोनच, कोंडीबा आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून विजयमाला.

कोंडीबा वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याशी सरळ बोलायची सोय नव्हती, कारण सरळ बोलणाऱ्या माणसाचा त्याला जास्तच संशय यायचा. बी घ्यायला गेला तर दुकानदारानं पुढं केलेलं पोतं सोडून मागचं उघडायला लावायचा. डॉक्टरनं गोळी दिली तर ती दातानं फोडून आत काय आहे ते आधी बघायचा. आणि जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही पण काम करते म्हणतात, तिच्यावर तर त्याचा विशेष राग होता.

एकदा छातीत कळ आली म्हणून रावजीनं त्याला सोलापूरला नेलं. तिथं छातीचा फोटो काढायचा ठरलं. कोंडीबाला उघड्या अंगानं एका थंडगार पाटीला छाती लावून उभं केलं, आणि फोटो काढणारा गडी बटण दाबायला भिंतीच्या पलीकडं गेला. कोंडीबानं मान वळवून ते बघितलं आणि तसाच अंगरखा उचलून बाहेर आला.

"आबा, फोटू?" रावजी म्हणाला.

"काढणारा भितीमागं का पळाला?"

"तशी रीत असती."

"त्येची रीत त्येच्या अंगाला जपायची. मग माजं अंग काय वाटंवर पडलंय?"

कळ आपोआप थांबली. फोटो राहिला तो राहिलाच.

रावजीला लग्नात घड्याळ मिळालं होतं. त्याचे आकडे अंधारात हिरवे चमकायचे. कोंडीबानं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा उजेडात नेलं, परत अंधारात आणलं, कानाला लावलं, नाकाला लावलं.

"वात न्हाय, तेल न्हाय. मग जळतंय काय ह्येच्यात?"

"रेडियम हाय."

"म्हंजे?"

"ते मला ठावं न्हाय."

"ठावं न्हाय ते मनगटाला बांदून निजतोस व्हय?"

दुसऱ्या दिवशी घड्याळ ज्वारीच्या कणगीत गेलं. आठवड्यानं त्याच्या ध्यानात आलं की ती ज्वारी आपल्यालाच खायची आहे. मग घड्याळ तिथून निघून बांधाच्या गडग्यात, दोन दगडांच्या फटीत जाऊन बसलं. रावजी शनिवारी आला की घड्याळ तिथं जायचं आणि सोमवारी तो ते काढून बापाच्या डोळ्यांदेखत बांधून जायचा.

दुष्काळ सरून दोन सालं झाल्यावर विहिरीवर मोटार आली आणि तिच्यासंगं घरात वीज आली. मीटर बसलं त्या भिंतीला कोंडीबाची बाज होती. तो बाज उचलून समोरच्या भिंतीला घेऊन गेला. दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत दिवा, त्यानंतर मोठा खटका खाली. रावजीचा ट्रान्झिस्टर खिडकीत, तोंड बाहेर करून. शेतीच्या बातम्या कोंडीबा अंगणाच्या पार टोकाला बसून ऐकायचा. वळसंगच्या स्टँडवर मानसिंगचं चहाचं हॉटेल होतं. तिथं हा सगळा पसारा लोकांना पाठ होता.

"कोंडीबा, खिशात बॅटरी हाय माज्या," मानसिंग म्हणायचा. "लांब बसू का?"

"बस की. तुजं तोंड लांब असल्यालं बरंच."

त्याच साली माळावरनं मोठ्या लाईनीचे मनोरे आले. लोखंडी, ताडापेक्षा उंच. एक मनोरा त्याच्या पश्चिमेच्या बांधावर, एक ओढ्यापलीकडं, आणि मधल्या तारा घराच्या बाजूनं, भिंतीपासून वीसेक हातांवरून गेलेल्या. खड्डा खणायला माणसं आली तेव्हा कोंडीबा दोन दिवस त्या खड्ड्यात बसून होता. साहेबानं समजावलं की तारा लई उंच आहेत, खालच्या माणसाला काही होत नाही.

"मग हितनं पुढं तारंखाली घर बांदू नको, आसं कागदावर का लिवून घेताय?" कोंडीबानं विचारलं.

साहेबानं घड्याळात बघितलं. कोंडीबाला तिसऱ्या दिवशी चौघांनी उचलून बाहेर ठेवलं आणि काम झालं. थंडीच्या पहाटे दव पडलं की त्या तारा घुमायच्या, भुंगा पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारख्या. कोंडीबा गोठ्यातनं वर बघायचा आणि थुंकायचा.

पुढच्या वैशाखात रावजीचं लग्न झालं. नवी सून यायची म्हणून घरावरचं जुनं छप्पर काढून पत्रा टाकला. मांडवासाठी जाड तार आणली होती, ती उरली. रावजीनं तिची धुण्याची तार केली. एक टोक पत्र्याच्या कडेच्या आकड्याला, दुसरं पन्नास-साठ फुटांवर बाभळीच्या वाळक्या खांबाला. वरची लाईन ज्या दिशेनं जात होती त्याच दिशेनं ही खाली. त्या वेळी ते कुणाच्या मनातही आलं नाही.

विजयमाला मोडनिंबची. बाप हिंदुराव, घरचा धान्याच्या मोंढ्याशी व्यवहार, हमरस्त्यावरचं घर. पोरगी सातवी शिकलेली, कामाला चपळ, बोलायला कमी. दिवस उजाडायच्या आत विहिरीवर धुणं करायची, ओल्या पायांनी अंगणात यायची आणि ते तारेवर टाकायची. पायात काही नाही. लग्नातल्या चपला कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या, बाजाराला आणि माहेराला जाण्यापुरत्या. सासरा अंगणात असताना सुनेनं चपला घालून वावरायचं, ही गोष्ट त्या भागात कुणाच्या डोक्यातच येत नव्हती. कोंडीबाच्या पायात मात्र उठल्यापासून निजेपर्यंत मोटारीच्या टायरच्या वहाणा असायच्या. रानात काटा, गोठ्यात शेण, त्याला इलाज नव्हता.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. विजयमालाला दिवस गेले होते. मार्गशीर्षात एका सकाळी ती गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, तार चावती."

"काय करती?"

"धुण्याची तार. हात लावला की मुंग्या येत्यात. आज तर चटकाच बसला."

कोंडीबा उठला. बादली खाली ठेवली, तारेपाशी गेला आणि एका हातानं तार धरली. मग दोन्ही हातांनी धरली. ओढून बघितली, वाकून तिच्यावर कान ठेवला. काही नाही.

"कुटं चावती?"

तिनं त्याच्या हाताकडं बघितलं, मग खाली बघितलं, आणि पदर सावरून आत निघून गेली.

हीच गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर कोंडीबानं आनंदानं मान्य केली असती. ज्या लाईनीला तो रोज थुंकत होता, तिच्यावर आळ घ्यायची ही आयती संधी होती. पण पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी, भिंतीआडून त्याच्या कानावर वेगळंच आलं होतं. सून नवऱ्याला विचारत होती, "सोलापुरात येकादी खोली मिळंल का आपल्याला?" रावजी म्हणाला होता, "आबा येकटं पडत्याल." त्यावर ती काही बोलली नव्हती. त्या न बोलण्याचा कोंडीबानं पंधरा दिवस विचार केला होता, आणि आता तार चावायला लागली होती. त्याच्या डोक्यात दोन टोकांची गाठ बसली.

त्या शनिवारी रावजी आला. त्यानं स्लिपर घालूनच तार धरून बघितली.

"काय न्हाय की ग."

"तुमास्नी न्हाय लागत," ती म्हणाली.

"मग तुलाच का लागती?"

कोंडीबा खांबाला टेकून हे सगळं ऐकत होता.

ती धुणं गोठ्यातल्या आडव्या लाकडावर वाळत घालायला लागली. कोंडीबाच्या धोतराला म्हशीचा वास यायला लागला. त्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण एक दिवस स्वतः ते धोतर उचलून तारेवर टाकलं. वहाणा घालून, अर्थातच. ती चुलीपाशी बसून बघत होती.

पौषात थंडी वाढली, हवा अशी कोरडी की ओठ फुटायचे. एका सकाळी कोंडीबानं सांगितलं, "आज धुनं तारंवर टाक. घर हाय, गोठा न्हाय." तिनं नेऊन टाकलं. पहिला पिळा तारेला लागला आणि तिचा हात झटक्यानं मागं आला. धोतर मातीत पडलं. ती जागची हलली नाही. पोटावर हात ठेवून उभी.

"पोटात लेकरू हाय, मामंजी. मी ह्या तारंला हात लावनार न्हाय."

"तुला तार चावत न्हाय, पोरी. तुला सोलापूर चावतंय."

तिनं धोतर उचललं, परत विहिरीवर जाऊन धुतलं, आणि गोठ्यात नेऊन टाकलं. त्याच दिवशी गावात जाणाऱ्या बाईच्या हाती तिनं मोडनिंबला कार्ड टाकलं.

हिंदुराव चौथ्या दिवशी आला. त्यानं चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला, मग उठून तारेपाशी गेला. पायात कातडी जोडे. तार धरली, सोडली, परत धरली. लेकीकडं बघितलं तर ती उंबऱ्यात मान खाली घालून उभी. हिंदुरावाचं तोंड उतरलं.

"पावनं, तुमच्या लेकीला नवऱ्यापाशी जायाचंय," कोंडीबा म्हणाला. "तर तसं सरळ म्हनावं. तारंचं नाव कशाला?"

"माजी पोरगी खोटं बोलत न्हाय."

"मग तार खोटं बोलती म्हना."

हिंदुरावानं तार सोडली. "पयलं बाळंतपन म्हायेरचंच. दोन म्हयनं आदी नेतो म्हना हवं तर. परत आनून घालायचं का न्हाय, ते बाळ झाल्यावर बगू."

ती पाचव्या महिन्यात गेली. ना ओटी, ना गोडधोड. ट्रंक डोक्यावर घेऊन बाप पुढं आणि फळीवरच्या चपला पायात घालून ती मागं, गाडीवाटेनं वळसंगच्या स्टँडवर. मानसिंगच्या हॉटेलात त्या दिवशी दुसरं बोलणं नव्हतं. रावजी त्यानंतर दोन शनिवार आला आणि मग मोडनिंबला जायला लागला. कोंडीबा स्वतः भाकरी थापायला लागला. जाडीभरडी, मधे कच्ची. ती खाताना त्याला सारखं वाटायचं की हे सगळं आधीच ठरलेलं होतं, पोराचं, सुनेचं, व्याह्याचं, आणि फक्त आपल्याला सांगितलं नव्हतं. नातवंडाचं तोंड आता दिसेल ते मोडनिंबला, तेही त्यांची मर्जी असेल तर.

फाल्गुनात त्याचा थोरला भाऊ वारला. भावाला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी कोंडीबानं दिला आणि दिवसही त्यानंच धरले. डोकं भादरलं. दहा दिवस वहाणा नाहीत, बाज नाही, आपलं अन्न आपण शिजवायचं, आपलं धोतर आपण धुवायचं. वहाणा दाराआड ठेवताना त्याला पाय उघडे पडल्यासारखे वाटले. चाळीस वर्षांत तो असा चालला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी विहिरीवर अंघोळ केली, धोतर पिळलं आणि ओल्या पायांनी अंगणात आला. धोतराचं टोक तारेवर टाकून दुसऱ्या हातानं तार खाली ओढायला गेला, तर बोटाच्या टोकाला काहीतरी डसलं. हात मागं आला. त्यानं बोट बघितलं. विंचू नाही, काटा नाही, रक्त नाही. परत हात नेला. तार बोटापासून केसभर असताना बारीक चट् झालं आणि मनगटापर्यंत मुंग्यांची रांग धावली.

दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, भाऊ मागं राहिला, त्याचा जीव घुटमळतोय. कोंडीबाचा भावाच्या भुतावरही विश्वास नव्हता. तो आत गेला आणि पाट घेऊन आला. कोरड्या पाटावर उभा राहून तार धरली. जवळजवळ काही नाही. खाली उतरला, तारेखालच्या ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि धरली. चट्. पाटावर, काही नाही. फरशीवर, चट्. असं त्यानं सात-आठ वेळा केलं. धोतर तसंच लोंबत राहिलं. मग त्यानं कोरड्या मातीत उभं राहून बघितलं, चटका थोडा कमी. बादलीभर पाणी पायावर ओतून बघितलं, चटका पहिल्यासारखा.

शेवटी तो पाटावर बसला आणि आपल्या पायांकडं बघत राहिला. त्याला हिंदुरावाचे जोडे आठवले, रावजीचे स्लिपर आठवले. तार ज्यांनी ज्यांनी तपासली, त्या सगळ्यांच्या पायात काहीतरी होतं. ज्या एकटीच्या पायात काही नव्हतं, तिच्यावर आपण सोलापूरचा आळ घेतला. चावलेली तीच, आणि खोटी ठरलेलीही तीच.

दहावा झाला. वहाणा पायात आल्या. कोंडीबा गावात गेला आणि लाईनमन ईरप्पाला गाठलं. त्याला आजवर त्यानं वस्तीच्या बांधाला फिरकू दिलं नव्हतं. लाईनीचा माणूस लाईनीचंच ओढणार, असं त्याचं म्हणणं होतं. ईरप्पा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"हौद्री, व्हय अण्णा, येतो. पन मला बगितल्यावर शिव्या देनार न्हाय न्हवं?"

"त्ये काय निगतंय त्येच्यावर."

ईरप्पानं काचेच्या मुठीचा टेस्टर तारेला लावला. आतला दिवा मिणमिणला, लालसर. कोंडीबानं वाकून बघितलं.

"म्हंजे हिच्यात वीज हाय."

"हाय, पन मीटरातली न्हाय." ईरप्पानं वर बोट केलं. "त्या मोठ्या लाईनीचा जोर लांबनंबी लागतोय. खाली लोखंड आसलं, लांबलचक आसलं, आनि जिमिनीला कुटं टेकल्यालं नसलं, तर त्यात त्यो साचतोय. तुमी तार पत्र्याला बांदलाव. पत्रा मातीच्या भितीवर, लाकडाच्या खांबावर. खांबबी वाळका. म्हंजे येवडा मोठा पत्रा आनि येवडी मोठी तार आशी आदांतरी. वल्या पायाचा माणूस धरला की त्येच्या अंगातनं खाली जातंय."

"मग पावसाळ्यात का न्हाय लागत?"

"भिती भिजली, खांब भिजला. आपोआप वाट मिळाली. माणसाची गरज ऱ्हायली न्हाय त्याला."

कोंडीबानं बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. खोट काढता आली नाही म्हणून त्याला थोडं वाईटच वाटलं.

"जीव जातोय ह्येनं?"

"न्हाय ओ. चटका बसतोय. घाबरून माणूस पडला, हातातलं पडलं, येवडंच."

"आनि पोटुशी बाई आसली तर? रोज, सकाळच्या पारी?"

ईरप्पानं तंबाखू तोंडात टाकली. "त्ये मला ठावं न्हाय, अण्णा. खोटं कशाला सांगू. चटका मी घालिवतो. बाकी जितकं लांब तितकं बरं, येवडं मला कळतंय."

'ठावं न्हाय' हा शब्द लाईनीच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. कोंडीबाला त्या दिवशी ईरप्पा जरा बरा वाटला.

दोघांनी मिळून काम केलं. घराच्या कोपऱ्याशी पुरुषभर खड्डा, त्यात लोखंडी नळी, सभोवती मीठ आणि कोळसा, वरून पाणी. पत्र्यापासून नळीपर्यंत जाड तार. धुण्याची तार सोडली, लहान केली, लाईनीच्या संगं जायची ती आडवी फिरवली आणि घराच्या पूर्वेला, लांबच्या अंगाला बांधली. तिलाही खाली लोखंडी खुंटी दिली. टेस्टर लावला तर अंधार. ईरप्पा गेल्यावर कोंडीबानं वहाणा काढल्या, पायावर पाणी ओतलं आणि स्वतः धरली. काही नाही. दुसऱ्या दिवशी परत धरली, तिसऱ्या दिवशीही. ईरप्पाची विद्या दोन दिवस टिकणारी आहे की काय, हे बघायला नको का. गावात बोभाटा झाला की भाऊ गेल्यापासून म्हातारा सकाळी अनवाणी तारेच्या पाया पडतो.

झोपायच्या खोलीत एक फेरबदल त्यानं स्वतःच्या डोक्यानं केला. लाईनीच्या बाजूची खोली ज्वारीला दिली आणि ज्वारीची, पूर्वेची, खोली सारवून मोकळी केली. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

चैत्रात तो मोडनिंबला गेला. सासऱ्यानं सुनेच्या माहेरी आपल्या पायानं जायचं, तेही न बोलावता, म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. हिंदुरावानं पाणी दिलं, पण बस म्हणायला उशीर केला.

"तार चावत हुती," कोंडीबा उभ्यानंच म्हणाला. "मला चावली."

आतल्या दारात विजयमाला येऊन उभी होती. पोट आता चांगलंच दिसत होतं.

"कवा चावली?" तिनं विचारलं.

"थोरल्याचं दिवस धरलं हुतं तवा."

"म्हंजे पायात वहाना नव्हत्या."

कोंडीबानं मान वर केली. "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाय?"

"काय सांगू? सासऱ्याला म्हनू, वहाना काडा आनि माज्यासारकं हुबं ऱ्हावा?"

हिंदुरावानं घसा खाकरला. कोंडीबानं मग तिला सगळं सांगितलं. नळी, मीठ, कोळसा, आडवी तार, पूर्वेची खोली. तिनं मधेमधे विचारलं. नळी किती खोल? वरची तार नळीला पिळून बांधली का नुसती गुंडाळली? ईरप्पाला हे कुणी शिकवलं? कोंडीबा उत्तरं देत गेला, आणि देता देता त्याला चमत्कारिक वाटायला लागलं. आजवर हे प्रश्न तो दुसऱ्यांना विचारत आला होता.

"सोलापूरच्या खोलीचं मी इचारलं हुतं," ती शेवटी म्हणाली. "तार चावाय लागायच्या आदी. तुमी ऐकलं आसंल तर त्येबी खरंच हाय. तितंबी मला जायाचं हुतं."

"मग?"

"मग दोनीबी खरं हुतं. येक खरं हाय म्हनून दुसरं खोटं कसं हुईल?"

ती आत गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. कोंडीबा संध्याकाळच्या एसटीनं परतला. टेंभुर्णीकडून आलेल्या त्या गाडीत केळीच्या घडांमध्ये दाटीवाटीनं बसून तो तिच्या शेवटच्या बोलण्यात खोट शोधत होता. सोलापूर आलं तरी सापडली नाही.

ज्येष्ठात मुलगी झाली. आश्विनात रावजी दोघींना घेऊन आला. लेकरू चार महिन्यांचं, जावळ दाट, नजर कोंडीबासारखी बारीक, असं मानसिंग म्हणाला. विजयमालानं लेकरू पूर्वेच्या खोलीत निजवलं आणि थेट तारेपाशी आली. चपला बाजूला काढल्या. हाताची मागची बाजू पुढं करून, विस्तव चाचपावा तशी, तिनं तार शिवली. काही झालं नाही. मुठीत धरली, तरी काही झालं नाही.

कोंडीबा गोठ्यातून बघत होता. "बग," तो म्हणाला. "सांगितलं न्हवतं?"

"भिती वल्या हायेत आजून. पाऊस जाऊन आट दिस झाल्यात. ह्या दिसांत तर ती आदीबी चावत न्हवती." तिनं चपला पायात घातल्या, त्याच्यासमोर, आणि घराकडं वळली. "पौषापतूर ऱ्हाते. तवा बगू."

कोंडीबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. रागवायला हवं होतं. चपलांसाठी तर नक्कीच. पण ती म्हणाली त्यात चूक काही नव्हती, आणि ते आपल्या आधी तिच्या ध्यानात आलं होतं.

पौष आला. वारा कोरडा, ओठ फुटलेले, पहाटे वरच्या तारा घुमत होत्या. विजयमालानं धुणं आणलं, चपला काढल्या, पायावर तांब्याभर पाणी घेतलं. कोंडीबा न बोलावता येऊन तिच्या शेजारी अनवाणी उभा राहिला. दोघांनी तार धरली. बराच वेळ धरली. वर घुंईं चाललेलं, खाली काही नाही.

तिनं त्याचं धोतर टाकलं, आपलं लुगडं टाकलं. लेकराची दुपटी मात्र बादलीतच ठेवली, बाज उचलून लाईनीपासून आणखी लांब, विहिरीच्या पलीकडं नेली आणि तिथं उन्हात त्या बाजेवर पसरली. कोंडीबा बघत होता. चिमूटभर तंबाखू मळून त्यानं तोंडात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून बाज सकाळी विहिरीपलीकडं नेऊन ठेवायचं काम आपल्याकडं घेतलं.